कात्रे काका आणि डोक्याचा व्यायाम

कात्रे काकांना किती वाजले विचारलं, तर ते आधी विचारतात, "जायचंय कुठे?" स्वारगेटच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरी झाली. नोकरी संपली, खिडकी संपली नाही. आमच्या धायरीच्या सोसायटीत टँकर कधी येणार हेसुद्धा त्यांच्याकडून सरळ कळत नाही. विचारणारा कुठल्या विंगमधला, पाणी प्यायला हवं की धुण्याला, हे आधी सांगावं लागतं.

असा माणूस विसरायला लागला, तेव्हा कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही. गॅसवर दूध ठेवून ते कसबा पेठेत जुन्या न्हाव्याकडे दाढीला गेले, तेव्हा आलं. शेजारीण म्हणून किल्ली माझ्याकडे असते. दार मी उघडलं. पातेलं भंगारात गेलं.

बंगळूरहून त्यांची मुलगी शुभदा आली. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं, डोकं चालतं ठेवा. शुभदाने मेंदूच्या व्यायामाची सीडी आणली, ती आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर चढवली आणि जाताना वडिलांना बजावलं, की गुण वाढले तर इथे राहा, नाहीतर फ्लॅट बंद करून बंगळूर. दर रविवारी फोन करून गुण विचारणार होती.

काकांना बंगळूर नको होतं. का, तर म्हणाले, "तिथे मला कोण काय विचारणार?"

तेव्हापासून रोज दुपारी आमची बेल. कॉम्प्युटर मी लावायचा, चष्मा मी शोधायचा, माउस सरळ मी धरून द्यायचा. माझी शिवणाची कामं पडून. पडद्यावर क्षणभर एक पक्षी चमके. कुठे दिसला तिथे दाबायचं, एवढंच. काका दाबत नसत. खात्री केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, नाहीतर मिरजेचा माणूस महाडला जातो, हा त्यांचा धर्म. तोवर वेळ संपून लाल फुली येई. "उद्धट आहे," काका कॉम्प्युटरकडे बघून म्हणत. दुसऱ्या खेळात वाणसामानाची यादी ऐकून लक्षात ठेवायची होती. तिच्यात चीज कशाला, यावर ते माझ्याशी वाद घालत. यादी मी केल्यासारखा.

एका दुपारी मी वैतागून म्हटलं, "काका, गाडी सुटली." त्यांनी झटकन दाबलं. बरोबर आलं. मग काय, रोज मशीनवर ब्लाउज शिवता शिवता मी गाड्या सोडत राहिले आणि काकांचे गुण चढत राहिले.

रविवारचे फोनही लांबत गेले. गुणांवरून गोळ्यांवर, गोळ्यांवरून जेवणावर. फोन झाला की काका आमच्याकडे येऊन, शुभदाने वांग्याचं काय केलं ते सविस्तर सांगत. मी विचारलेलं नसे.

दिवाळीच्या सुमारास ते खेळाच्या शेवटच्या पायरीवर पोचले. शुभदाने मला फोन करून आभार मानले. म्हणाली, "ताई, काळजी मिटली. आता बाबांना दर रविवारी पिडत नाही." तिची कॉम्प्युटरची नोकरी, सुट्टीच्या दिवशीही काम. दोन रविवार फोन आला नाही.

पुढच्या सोमवारपासून गुण घसरायला लागले. मंगळवारी आणखी. माझी एवढी शिवणं पाण्यात गेली म्हणून मी चिडले आणि बुधवारी मशीन सोडून त्यांच्या मागे उभी राहिले.

पक्षी चमकला. "उजवीकडे वर," काका पुटपुटले. बाण बरोबर तिथे नेला. थांबले. मग तो सावकाश डावीकडे खाली आणला आणि दाबला. फुली.

"काका, मुद्दाम चुकलात."

"हो." मान वळवली नाही. "गुण घसरल्याचं कळलं, की रविवारी विचारील ती."

मी म्हटलं, नंबर आहे तुमच्याकडे, आपण होऊन करावा फोन.

"केला होता. मीटिंगमध्ये होती. ठीक आहात ना, म्हणाली. ठीक आहे म्हटल्यावर पुढे काय बोलायचं असतं?"

पडद्यावर पुढचा पक्षी येण्याच्या बेतात होता. मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"पण इतक्या फुल्या नकोत," मी म्हटलं. "उचलून बंगळूरला नेईल. दोन-तीन पुरेत."

काकांनी मान डोलावली, चष्मा वर केला आणि पुढचा पक्षी अचूक टिपला.