गाजराचा जिवंत पुरावा

नानासाहेबांच्या आयुष्यातला शेवटचा पूर्ण दिवस गाजर सोलण्यानं सुरू झाला. त्यात विशेष काही नव्हतं. गेली तीस वर्षं त्यांचा प्रत्येक दिवस तसाच सुरू व्हायचा. पुंडलिकनगरात मुलीच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात ते पाट टाकून बसले होते. समोर आठ वर्षांची नात सायली एका हातानं गाजर खात दुसऱ्या हातानं कवायत करत होती.

"शेवटची ओळ. म्हण."

"उजवीकडं, वर, वर, डावीकडं, खाली."

"शाब्बास! आता डोळे झाकून."

"नाना, सकाळी सकाळी काय चाललंय?" त्यांच्या मुलीनं, अपेक्षानं, डबा भरता भरता विचारलं.

"काय नाय. पीटी घेतोय पोरीची."

अपेक्षाला घाई होती. तिनं विश्वास ठेवला.

खरं प्रकरण आठवड्यापूर्वीचं होतं. सायलीला फळा दिसत नाही, अशी चिठ्ठी शाळेतून आली. अपेक्षा तिला छावणीकडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नाना सोबतीला होतेच. भिंतीवर तीन दात्यांच्या फणीसारख्या आकृत्यांचा तक्ता होता. दाते कुठल्या बाजूला आहेत, ते हातानं दाखवायचं. सायली तीन ओळी उतरली आणि थांबली. डॉक्टर मीनाक्षीबाईंनी थेंब घातले, बॅटरीनं डोळे तपासले, कार्डावर नंबर लिहिला आणि म्हणाल्या, "थेंबांचा असर उतरू द्या. पुढच्या गुरुवारी काचा घालून पुन्हा एकदा वाचून घेऊ."

नानांनी त्यातलं 'पुन्हा एकदा' तेवढं ऐकलं. गावी, फुलंब्रीच्या शाळेत त्यांनी उभी हयात चौथीची पोरं स्कॉलरशिपला बसवण्यात घालवली होती. पुन्हा परीक्षा म्हणजे पास व्हायची संधी. आणि मागच्या वर्षीचा पेपर तर समोर भिंतीवर टांगलेला. कुणाला संशय नको म्हणून त्यांनी दाराजवळच्या बाकावर बसल्या बसल्याच अख्खा तक्ता छोट्या वहीत उतरवून घेतला.

नातीला चष्मा लागू नये एवढंच त्यांना हवं होतं. चष्मा गाजरानं जातो, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती, आणि त्याला कारण अपेक्षा होती. नऊ वर्षांची असताना तिला चष्मा लागला होता. नानांनी रजा टाकून तिला एसटीनं शहरात आणलं, चष्मा करून दिला, आणि 'माझ्या घरात दिव्याखाली वाचून पोरीचे डोळे गेले' म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी शेताच्या बांधालगत गाजरं लावली. रोज सकाळी एक गाजर, स्वतः सोलून. वर्षाच्या आत पोरीचा चष्मा सुटला! त्या दिवसापासून फुलंब्रीत कुणाचाही डोळा नुसता पाणावला, तरी नाना पिशवीभर गाजरं घेऊन दारात हजर. शेजारच्या भागूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "गुरुजी, मला कुसळ गेलंय डोळ्यात. गाजर कुठं घालू?"

दुपारी तिघं दवाखान्यात पोचली. मीनाक्षीबाईंनी सायलीच्या नाकावर तपासणीची जडशी फ्रेम ठेवली आणि काचा सरकवल्या. सायलीचं तोंड उघडंच राहिलं.

"अय्या!"

"काय झालं?"

सायलीनं बाकाकडे पाहिलं. नानांनी भुवया उडवल्या. "काय नाय," ती म्हणाली.

"मग शेवटची ओळ दाखव बरं."

सायली ताठ बसली. हात झेंडावंदनासारखा उठला. उजवीकडं, वर, वर, डावीकडं, खाली. एकदाही न अडखळता. नाना बाकावर फुलून आले.

मीनाक्षीबाईंनी तक्त्याकडे पाहिलं, मग सायलीकडे. "पाचही चूक," त्या म्हणाल्या.

"चूक?" नाना उभेच राहिले. "चूक कशी असंल, मॅडम?"

"आजोबा, नुसता अंदाज करणाऱ्याचं एखादं तरी बरोबर येतं. पाचही चुकायला अभ्यास लागतो. सायली, खरं सांग, तुला तिथं काय दिसतंय?"

"दिसतंय येगळंच," सायली रडवेली झाली. "पण नाना म्हणले, वहीतलंच सांगायचं."

"वहीतलं?" अपेक्षानं वडिलांकडे वळून पाहिलं. "नाना, ही तुमची पीटी?"

नानांना लाज वाटायला हवी होती. पण मास्तराला आपली उत्तरपत्रिका चुकीची म्हटलेली सहन होत नाही. त्यांनी खिशातून वही काढली आणि टेबलावर ठेवली. "ह्ये बघा. जसंच्या तसं उतरवलंय. म्या सोता."

"कुठून उतरवलंत?"

"त्या बाकावरून."

मीनाक्षीबाईंनी वही पाहिली, बाक पाहिला आणि खुर्चीकडे हात केला. "सायली, उठ बाळा. आजोबा, तुम्ही बसा."

"मी? मला काय धाड भरलीय? मी दररोज गाजर खातो!"

"बसा की, नाना," अपेक्षा हसू दाबत म्हणाली.

नाना बसले. वरच्या दोन ओळी त्यांनी रुबाबात जिंकल्या. तिसरीला घसा खाकरला. चौथीला म्हणाले, "तुमची लाईट कमी आहे." शेवटच्या ओळीला मात्र त्यांचा हात एकदम झरझर चालू लागला. उजवीकडं, वर, वर...

"सायली," मीनाक्षीबाई मागं न वळता म्हणाल्या, "हात खिशात घाल."

डॉक्टरांच्या पाठीमागं उभी राहून आजोबांना खुणा करणाऱ्या सायलीनं निमूटपणे हात खिशात घातले. नापास आजोबा खुर्चीत बसून राहिले. नातीपेक्षा त्यांचाच नंबर मोठा निघाला.

"पण मॅडम," शेवटचा दोर सोडायला ते तयार नव्हते, "गाजरानं नंबर जातोच जातो. ही बसलीय की पुढं, जिवंत पुरावा! विचारा हिला."

"गाजर खा, चांगलं असतं. पण नंबर त्यानं जात नाही," मीनाक्षीबाई म्हणाल्या आणि अपेक्षाकडे वळल्या. "लहानपणी किती नंबर होता तुम्हाला?"

नाना मुलीकडे पाहत होते. अगदी निकालाच्या दिवशी पोरं बघायची तसे.

"लहान होते," अपेक्षा म्हणाली. "आठवत नाही."

खालच्या दुकानात सायलीनं लाल फ्रेम निवडली. नानांनी हाताला पहिली लागली ती. रिक्षात त्यांनी वही मांडीवर उघडली. मग म्हणाले, "आठ दिस पोरीला चुकीचं शिकवलं म्या. उगं तिचे डोळे तसेच राहिले असते." आणि थोड्या वेळानं, "पण तुझा गेला व्हता की गं?"

"गेला होता, नाना." सांगायचं ते अपेक्षाच्या ओठावर आलं होतं. पण नाना आधीच एका परीक्षेत नापास झाले होते. एका दिवशी दोन नकोत, असं तिला वाटलं. रविवारी चहावर सांगू. हसतील.

रात्री नानांनी सायलीकडून वहीची ती पानं फाडून घेतली आणि तिनं त्यांची विमानं करून उडवली.

दुसऱ्या दिवशी गाजर सोलायला नाना उठले नाहीत. झोपेतच गेले.

तेरावा झाल्यावर अपेक्षा चष्मे आणायला गेली. दुकानदार म्हणाला, "बाबांना नाही आणलं? नाकावर बसवून बघावं लागतं, ताई."

"द्या," ती म्हणाली. "मी बसवते."

घरी आल्याबरोबर सायलीनं लाल चष्मा घातला, खोलीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि हार घातलेल्या फोटोकडे बघून ओरडली, "आई! नानाच्या शर्टाला वरचं बटणच नाय!"

अपेक्षानं पाहिलं. खरंच नव्हतं. पंधरा दिवस सगळं घर त्या फोटोला नमस्कार करत होतं आणि कुणालाही दिसलं नव्हतं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. सायली शेजारणीला चष्मा दाखवायला पळाली.

मग अपेक्षा उठली. फ्रीजच्या तळाशी नानांनी आणलेलं एक गाजर सुरकुतून पडलं होतं. तिनं ते धुतलं, नानांच्या पाटावर बसून सोललं. नानांचा नवा चष्मा उघडून फोटोसमोर नीट ठेवला, काचा आपल्याकडे करून.

"नाना," ती मोठ्यानं म्हणाली, "मला तेव्हा सगळं दिसत होतं. सगळ्यात खालची ओळसुद्धा. वर्गातल्या मोनालीला चष्मा होता, म्हणून मला पाहिजे होता. नंतर कान दुखायला लागले, म्हणून मी तो सोडला."

फोटोतले नाना ऐकत होते. तिनं गाजराचा तुकडा तोडला.

"आणि गाजर मला कधीच आवडलं नाही. तुम्ही सोलून द्यायचात, म्हणून खात होते."