दोन महिरपींमधला माणूस

सुखदेव मास्तर कोणाचेही नाव नुसते उच्चारीत नसत. आधी दोन्ही हातांची दोन-दोन बोटे वाकवून हवेत महिरपी कंस काढीत आणि मग त्यांच्या मधोमध समोरच्याचे नाव ठेवीत. दारव्ह्याच्या तहसील आवारात आलेला अनोळखी माणूस यामुळे दचके.

"घाबरू नका भाऊ, तुमची जागा करून राह्यलो," मास्तर सांगत.

प्रस्तुत लेखक त्याच आवारात, कडुनिंबाखाली, तीस वर्षांपासून अर्जनवीस आहे. शिक्षण नववी असले तरी माझ्या मसुद्यात त्रुटी काढणारा कारकून अद्याप जन्मास आलेला नाही. मास्तरांचा टायपिंग क्लास बंद पडला, पाठोपाठ पत्नी निवर्तली, मूलबाळ नव्हतेच. तेव्हा एक जुना लॅपटॉप घेऊन त्यांनी माझ्या शेजारी टेबल मांडले आणि साठाव्या वर्षी वेबसाइट बनवणे शिकण्यास प्रारंभ केला.

'टेम्प्लेट इंजिन' म्हणून जे काही असते, त्याचे सार त्यांनी मला असे सांगितले : पान एकदाच लिहावयाचे. जेथे मजकूर बदलतो तेथे दुहेरी महिरपी कंसात नुसते 'नाव', 'गाव' लिहून ठेवावयाचे. यादीतला माणूस इंजिन आपोआप त्या जागी बसवते. "साचा पक्का, मानूस बदलते!" हे त्यांचे पालुपद.

"यात नवीन काय? 'मी खाली सही करणार' हे मी तीस वर्षांपासून लिहून राह्यलो. इंजिन मीच आहो."

"मंग तुमाले शिकाले सोपं जाईन," मास्तर म्हणाले.

पहिले पान उघडले तेव्हा पडद्यावर 'नमस्कार' आणि पुढे कंसांसकट 'नाव' हाच शब्द उमटला. आठ दिवस तेच. "मास्तर, यानं तं तुमाले ओळखलंच नाही," मी टोमणा मारला. नवव्या दिवशी उलगडा झाला. ते नुसती साच्याची फाइल उघडून पाहत होते, इंजिन चालूच केले नव्हते! पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली आणि 'नमस्कार सुखदेव' अशी अक्षरे आली.

"लय दिवसांनी मले कोनं नावानं नमस्कार केला, भाऊ," ते म्हणाले.

मी मोठ्याने हसलो. रोज शेजारी बसत असूनही मी त्यांना कधी नमस्कार केल्याचे मला स्मरत नाही.

पुढे त्यांनी माझ्याकडे वारस नोंदीच्या अर्जाचा मसुदा मागितला. मसुदा ही माझी इस्टेट. महिनाभर टाळून शेवटी दिला. जितके वारस तितक्या ओळी इंजिन स्वतःच पाडी. चाचणीसाठी मास्तरांनी मयताच्या जागी स्वतःचे नाव घातले.

"असं अभद्र काहून करता, मास्तर?"

"दुसऱ्याले कायले मारू?"

वारसांच्या जागी मात्र पान कोरे आले. "कोरी जागा म्हणजे त्रुटी," मी अधिकाराने सांगितले. "यादी रिकामी असली तं 'निरंक' लिहा. सरकारी शब्द आहे."

मास्तरांची बोटे हवेतच थांबली. "तक्त्याले निरंक चालते भाऊ. मानसाले कसं लिहाव?"

"मी तं हजारदा लिहिलं."

"पाहतो," ते म्हणाले, "दुसरं काही सुचते का." पुढे कित्येक दिवस मी येता-जाता विचारी, "सुटलं का निरंक?" ते नकारार्थी मान हलवून पुन्हा पडद्याकडे वळत.

यंदाच्या उन्हाळ्यात एके दिवशी शेजारचे टेबल रिकामे राहिले. आज बडबड नाही म्हणून मला बरेच वाटले. दुपारी त्यांचे घरमालक आले. मास्तर झोपेतच गेले होते.

अंत्यविधीनंतर लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवून घरमालक म्हणाले, "त्याईचं कोनी नाही. तुमीच ठेवा." मास्तरांनी मला एवढेच शिकवले होते : काळी खिडकी, वरचा बाण एकदा, मग एंटर; शेवटची आज्ञा पुन्हा चालते. तसे केले. तोच वारस अर्ज उघडला. मयताच्या जागी त्यांचे नाव. वारसांच्या जागी 'निरंक' नव्हते. एक ओळ होती :

'शेजारच्या टेबलावर विचारावे.'

मृत्यू नोंदीचा अर्ज मीच लिहिला, हाताने. 'मयताशी नाते' हा रकाना मी असंख्य लोकांचा भरला आहे, पेन कधी अडले नाही. या वेळी बराच वेळ अडले. मग लिहिले : 'शेजारचे टेबल'.

नगरपरिषदेच्या खिडकीवरच्या कारकुनाने त्याखाली लाल रेघ ओढून 'त्रुटी' असे लिहिले. तीस वर्षांतली माझी पहिलीच. दुरुस्ती करण्यास मी नकार दिला.