गार्डसाहेबांची साखर

आयुष्य मुलांचे निबंध तपासण्यात गेल्यामुळे स्वतः चार ओळी लिहिण्याचे धाडस मला कधी झाले नाही. ते आता उतारवयात करावे, आणि तेही दुसऱ्याच्या घरातील दुखण्याविषयी, हे औचित्याला धरून आहे किंवा नाही याविषयी मी अजून साशंक आहे. वाचकांनी आरंभीच क्षमा करावी. परंतु ज्या गृहस्थाच्या लघवीतील साखर साऱ्या आळीला निशाण लावून कळवली जात असे, त्याच्याविषयी कोणीतरी लिहावयास हवेच होते. आणि दुसरे कोणी लिहिताना दिसत नाही.

मारुतराव रेल्वेत गार्ड होते. बोरघाटात मालगाड्या चढवण्या-उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि निवृत्त होऊन ते लोणावळ्यास माझ्या शेजारी राहू लागले. दुसरी मोठी लढाई सुरू होण्यापूर्वीची ही गोष्ट. आपल्याला मधुमेह आहे, हे ते अशा ऐटीत सांगत की ऐकणाऱ्यास ती रेल्वेने दिलेली बढतीच वाटावी. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना एक निळे औषध दिले होते. ते काचेच्या नळीत घ्यावयाचे, त्यात लघवीचे थेंब टाकावयाचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाचे. रंग निळा-हिरवा राहिला तर ठीक. विटकरी झाला तर साखर. मग ओसरीच्या खांबाला त्याप्रमाणे हिरवे किंवा तांबडे निशाण लागे.

"आबा, आज तांबडं लागलंय," दूधवाला मारुतरावांना विचारी, "दूध वतू का न्हाई?"

"वत गपगुमान. सिग्नल गाडीला असतो, म्हशीला न्हाई."

नळ्या मात्र दोन असत. एक मारुतरावांची आणि दुसरी त्यांच्या पत्नीची, काशीवहिनींची. "चोख माणसाची नळी शेजारी असल्याबिगर खोट कळत न्हाई, मास्तर," असे ते मला समजावीत. वहिनी खाली पाहून हसत आणि आत जात.

पथ्य मोठे कडक. वडिवळ्याच्या भातखाचरांत वाढलेल्या, आंबेमोहोराच्या वासाने घर ओळखणाऱ्या या माणसाने भात सोडला होता. गूळ सोडला होता. पानात भाकरी, मेथी, कारले आणि ताक. वहिनींच्या पानातही तेच. कारण नवऱ्यामागून जेवणाऱ्या बाईने स्वतःपुरता वेगळा भात शिजवावा, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. मी एकदा सुचवून पाहिले, तर म्हणाल्या, "माज्या एकटीसाठी चूल पेटवू व्हय, भावजी? लोक काय म्हणतील!"

डॉक्टरांनी फिरावयासही सांगितले होते. सकाळी हे दांपत्य खंडाळ्याच्या रस्त्याने निघे. जनरीत अशी की पुरुषाने पुढे चालावे. येथे वहिनी पुढे आणि चार हात मागे मारुतराव. बंगल्यांवरचे माळी थट्टा करीत.

"गार्डसाहेब, इंजिन झ्याक पळतंय की!"

"गार्डाचा डबा मागंच असतो," मारुतराव उत्तर देत. "गाडी कुटं अडखळती ते मागनंच दिसतं."

येथवर सारे ठीक होते. परंतु एकदा कामशेतच्या बाजारात, मिठाईवाल्याच्या पालामागे, मारुतराव मला उभे दिसले. हातात जिलबी, मिशीला पाक.

"मारुतराव! हे काय?"

"ही मालगाडी, मास्तर. टाइमटेबलात दावत न्हाईत." आणि त्यांनी दुसरी जिलबी उचलली.

मी रात्रभर काळजीत होतो. सकाळी पाहतो तो खांबाला हिरवे निशाण! उलट, वहिनी इंदुरीस भाचीच्या लग्नाला जाऊन आल्या, तेवढे दिवस हे गृहस्थ घरी कोरडी भाकरी खाऊन राहिले. आणि त्या परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडे. माझा पुरता गोंधळ उडाला. शाळेच्या कपाटातील आरोग्यशास्त्राचे पुस्तक मी काढून वाचले. त्यात लिहिल्याप्रमाणे मारुतराव वाळावयास हवे होते, आणि त्यांच्या कोटाची तर बटणे लागत नव्हती. वहिनी मात्र वाळल्या होत्या. त्याचे कारण मी कारल्यात शोधले.

मग एका रविवारी सकाळी मारुतराव माझ्याकडे आले. त्यांनी दार लोटून घेतले.

"डॉक्टर म्हणतो, नुसत्या पथ्यानं आता भागत न्हाई. सुई घ्यावी लागंल. रोजची."

"मग घ्यावी. घाटात गाड्या आवरलेल्या माणसाने सुईला काय भ्यायचे?"

"मला न्हाई वं घ्यायची, मास्तर," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

साखर काशीवहिनींची होती. पहिल्यापासून. वहिनींच्या आईचा याच दुखण्यात पाय गेला होता, आणि पाठोपाठ आईही. तिचे सारे वहिनींनीच केले होते. त्या दुखण्याचे नाव आपल्याला लागले असे कळताच त्यांनी हाय खाल्ली असती. म्हणून डॉक्टरांना गळ घालून मारुतरावांनी ते आपल्या नावावर घेतले. सकाळी विटकरी होणारी नळी वहिनींची असे. हे तीच आपली म्हणून वर धरीत.

"ही सोतासाठी काय करती? काय बी न्हाई. माज्यासाठी म्हणा, इस्तू बी गिळंल. मी भात सोडला म्हून तिनं सोडला. मी चाललो म्हून ती चालली. पर सुई कशी वाटून घ्यायची? डॉक्टरला म्हणलो, मला बी टोच, तिला सोबत हुईल. तर अंगावर वरडला. म्हणाला, चांगल्या माणसाला टोचली तर जागीच आडवा हुशील."

"आणि वहिनींनी घेतलीच नाही तर?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुमी नुसतं येऊन बसा. शिकल्याला माणूस बसला की मला बोलाया येतं."

मी गेलो. वहिनी मेथी निवडीत होत्या. मारुतरावांनी सुईची पेटी पाटावर ठेवली, टोपी काढली, पुन्हा घातली.

"अगं, वरनं आर्डर आलीया. म्हंजे माजी गाडी... तशी ती माजी न्हाई, पर... मास्तर, तुमी सांगा की!"

मला घाम फुटला. मी "वैद्यकशास्त्राने अलीकडे" एवढेच म्हणालो आणि थांबलो.

वहिनींनी मेथी बाजूला सारली. पदराला हात पुसले आणि नवऱ्याजवळ सरकून बसल्या.

"आवं, टोपी ऱ्हाऊ द्या आता. उजवा दंड दिऊ का डावा? वाकी पहाटंच काडून ठिवलीया."

दंडावर, जेथे एरवी चांदीची वाकी असे, तेथे कातडीचा फिकट पट्टा दिसत होता. मारुतरावांनी माझ्याकडे पाहिले, जणू मी काही उलगडून सांगणार होतो. मी पाणी आणावयास उठलो.

वहिनी त्यानंतर पुष्कळ जगल्या. मी शेजारीच होतो, पण त्यांना विचारण्याचा धीर मला झाला नाही. मारुतरावांनाही झाला नसावा. म्हणून वाचकहो, आपल्यालाच विचारतो. त्यांना हे केव्हापासून ठाऊक असेल?