शेजाऱ्याचा नंबर

भागोजीला स्वतःच्या पोराचा, सदूचा, एस.एस.सी.चा नंबर विचारला तर तो डोकं खाजवायचा. पण शेजारच्या अंबाजीच्या नामाचा विचारा, झोपेतसुद्धा घडाघडा सांगेल. साऱ्या मुंबई राज्याला पेपर एकच, तेव्हा कुणाचं पोर हुशार हे ठरणारच, त्याला आता पळवाट नव्हती. अंबाजीचं पोर कालेजात जाणार या नुसत्या कल्पनेनं भागोजीला घास गिळवत नव्हता.

जूनमध्ये निकालाचा पेपर म्हसळ्याच्या स्टँडावरच्या हॉटेलात आला. गर्दीत मुंडी घालून भागोजीनं नामाचा नंबर शोधला. होता की मेला! नंबर छापला म्हणजे पास. भागोजीच्या पोटात असा काही जाळ उठला, की तो मिळेल त्या गाडीनं घरी आला आणि ओटीवर बसून राहिला.

त्याचं तोंड बघून बायकोनं, काशीनं, रडायला सुरुवात केली. सदू गोठ्यात जाऊन लपला.

"गप ऱ्हा. नामा पास झाला," भागोजी म्हणाला.

"आन आपला सदू?"

"त्याचा बघायचा ऱ्हायला."

काशीचं रडं जागच्या जागी थांबलं. "उद्या पहिल्या गाडीनं गुरुजी मुंबईला चाललं. पास झालेल्यांचंच कालेजाचं अर्ज नेनार. आता म्हसळ्याला गाडी बी न्हाय. अंबाजीभाऊजी गेलं व्हतं, त्यांना इचारा."

अंबाजीला विचारायचं! त्यापेक्षा विहीर बरी. पण गोठ्यातून सदूचं मुसमुसणं ऐकू आलं आणि भागोजी उठला.

अंबाजीही गालाला हात लावून ओटीवर बसला होता. त्याच्याही घरात चूल पेटली नव्हती.

"आमचा सदू दिसला का रं पेपरात?"

"दिसला. पास हाय," अंबाजी कडू काढा प्यायल्यासारखा म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, "नामाचा बघायचा ऱ्हायला. तू बघितलास?"

भागोजीनं मनात हिशेब केला. नाही म्हटलं, की नामाचा अर्ज राहिलाच. पण दाराआड अंबाजीची बायको येसू पदर तोंडात धरून उभी होती.

"पास हाय," त्यानं एकदाचं सांगून टाकलं.

दोन्ही घरांत चुली पेटल्या, गूळ वाटला गेला. बाप तेवढे ओटीवर तसेच बसले होते.

"सोमवारी शाळेत मार्क कळत्याल," अंबाजी म्हणाला. "कालेज मार्कांवर हाय म्हनं."

"तू कशाला पायपीट करतोस?" भागोजी मायेनं म्हणाला. "नामाचं मी बघून येतो."

"आन सदूचं मी," अंबाजी म्हणाला.