गजभिये काकांचं बोलतं लोखंड

आमच्याकडे चहाला आलेला माणूस सोफ्यावर बसतो. गजभिये काका स्वयंपाकघरात जातात. पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही चौबे कॉलनीत नवेच होतो. समोरच्या घरातलं म्हातारं जोडपं ओळख करून घ्यायला आलं. काकू दारात चप्पल काढत होत्या, तोवर काका ओट्याशी पोचलेही. त्यांनी माझी कढई कान धरून उचलली, मधल्या बोटाच्या पेराने तिला एक ठोका दिला आणि डोळे मिटले. मी गाळणी हातात घेऊन उभी. मग डोळे उघडून त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे, आणि म्हणाले, "पत्रा आहे. हे भांडं बोलत नाही, पोरी."

ती कढई माझ्या आईने दिली होती. मला राग आला. तो मी त्यांच्या चहात साखर कमी टाकून काढला. काकांना कळलं नाही, काकूंना कळलं. त्या गालात हसल्या आणि तिथेच आमची मैत्री झाली.

काकांची सगळी नोकरी भनपुरीला, लोखंड ओतायच्या कारखान्यात गेली. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, आणि निवल्यावर एकेक नग ठोकून पाहायचा. चांगला असला तर टन्न वाजतो, आत तडा असला तर ठप. काका रिटायर झाले, बोट झालं नाही. कॉलनीत कोणाच्या घरी बारसं असो की बुद्धपौर्णिमेची खीर, काका आधी पातेलं ठोकणार. लोक म्हणायचे, काकांचा कान म्हणजे कान आहे. त्यांच्या घरचा टीव्ही मात्र माझ्या बेडरूममध्ये ऐकू यायचा.

थंडीच्या दिवसांत दुपारी ते ओसरीवर बसतात. पायाशी त्यांनी स्वतः ओतलेल्या कढया आणि तवे, तेल लावून उन्हात पालथे घातलेले. काका एकेकाला फडक्याने पुसतात, पुसता पुसता पेंगतात, जागे होऊन परत पुसतात. मी ऑफिसला सुट्टी असली की तिथे जाऊन बसते. त्या ओसरीवर घड्याळ जरा हळूच चालतं.

"लोखंड ओतताना कोणी बोलत नव्हतं," ते एकदा अर्धवट झोपेतच सांगत होते. "झोपलेलं लेकरू गादीवर ठेवतात ना, तसं ओता लागते. घाई केली की आत हवा राहते. मग जिंदगीभर तो नग ठप."

त्यांच्या घरात स्टील फक्त पाण्याला आणि लोणच्याला. शिजायचं ते लोखंडातच. बाकी सगळं छान व्हायचं, पण काकूंचा जीव अंबाडीच्या भाजीत. आंबट अंबाडी लोखंडात शिजली की डांबरासारखी काळी होते. काका ती काळी भाजी मिटक्या मारत खायचे आणि म्हणायचे, "खाय वं, लोह पोटात जाऊन राहिलं." काकू मान डोलावायच्या. मग काका सकाळी फिरायला गेले की मागच्या दाराने जुडी घेऊन माझ्याकडे यायच्या आणि माझ्या स्टीलच्या पातेल्यात आपल्यापुरती हिरवी भाजी करून घ्यायच्या. "कोणाले सांगू नको," म्हणायच्या. मी नाही सांगितलं.

मध्यंतरी माझ्या डोक्यात त्या जड, रंगीत भांड्यांचं वेड शिरलं. बिडाचंच भांडं, पण आतून-बाहेरून काचेसारखा लेप दिलेलं. मोबाईलवर बायका खिडकीशी उभ्या राहून त्यात काहीतरी तासन् तास शिजवतात, आणि त्यांच्या खिडकीतून कसं मऊ ऊन येतं. मला वाटायचं, ते भांडं आणलं की आपल्याही खिडकीतून तसंच येईल. किंमत पाहून नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि परत पाहिली. मग म्हणाला, "काकांना विचार." नवऱ्याला वाटलं, काका नाही म्हणतील.

काका म्हणाले, "जड भांडं चांगलं. तापायले वेळ घेते, निवायलेही वेळ घेते, माणसाले घाई करू देत नाही. पण आत लोखंडच आहे ना? मग त्याले हे रंगीत कपडे काहून?"

"आंबट काळं पडत नाही, काका."

"अन् एकदा टवका उडाला की? त्यापेक्षा माझी कढई घेऊन जाय. तुझे नातूही वापरतील."

मी हट्टच धरला, तेव्हा काका, काकू आणि मी असे तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने एक लाल भांडं काढून ठेवलं. काकांनी ते ठोकलं, डोळे मिटले, उघडले आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान जराशी हलवली. "याले तडा आहे," काका म्हणाले. दुकानदार वैतागून म्हणाला, "अंकल, ठोकिए मत, कंपनी का माल है." मग भांडं उलटं केलं, तर बुडाशी केसाएवढी रेघ. दुकानातले लोक काकांकडे बघतच राहिले. मी काकूंकडे बघत होते. त्या तोवर शोकेसकडे गेल्या होत्या आणि एका हिरव्या भांड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं, अलगद परत ठेवलं.

"रंगरंगोटी आहे नुसती," काका म्हणाले आणि आम्ही हात हलवत परत आलो. नवऱ्याने त्या दिवशी स्वतःहून चहा केला.

पुढच्या महिन्यात काकू आठवडाभर मुलीकडे भिलाईला गेल्या. तिसऱ्या दिवशी काका दारात. आत आले नाहीत, स्वयंपाकघरात गेले नाहीत. "जरा घरी येतं का?" एवढंच म्हणाले.

त्यांच्या ओट्यावर ते हिरवं भांडं होतं. शोकेसमधलंच. काका एकटे जाऊन घेऊन आले होते.

"तिनं हात ठेवला होता याच्यावर," ते म्हणाले. "मी पाहिलं होतं. इतकी वर्षं काळी भाजी खाल्ली तिनं. मले काय समजत नव्हतं काय? पण माझ्या लोखंडाले वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

मी मोठ्याने म्हटलं, "छान आहे, काका."

"ठोकून पाह्य."

"मी? तुम्ही असताना?"

"कान तर कवाचे गेले, पोरी. कारखान्यातच गेले. मी ठोकतो, ऐकते ती. मान हलवते, मग मी सांगतो. कोणाले माहीत नाही." ते भांड्याकडे बघत होते. "पण हे तर तिच्यासाठीच आहे. तिले कसं विचारू? अन् दुकानात एकटाच होतो. ठोकलं, हाताले ठीक वाटलं, घेऊन आलो. तू ऐकून सांग. बोलते का?"

मी बोट वाकवून ठोकलं.

ठप.

परत ठोकलं. ठपच. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, डोळे न मिटता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काकूंना न विचारता एक भांडं निवडलं होतं, आणि त्यात तडा होता. हे कळलं असतं तर त्यांनी पुन्हा कोणाच्या घरी बोट उचललं नसतं. मला खोटं बोलायची सवय नाही, नवऱ्याला विचारा. पण मी म्हटलं, "बोलते, काका." ते ऐकू आलं नाही म्हणून मान हलवून दाखवली.

काकू परत आल्या त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिथेच होते. काकांनी भांड्यावरचं फडकं काढलं. काकू किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग सवयीने त्यांनी बोट वाकवलं आणि ठोका दिला. त्यांनी एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"बोलते," काकू म्हणाल्या. "विहारातल्या घंटेसारखं बोलते."

मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी हळूच म्हटलं, "काकू, बदलून आणू या का?"

"नको वं," त्या म्हणाल्या. "बदलायले नेलं तर त्याईले समजेल. अन् हे त्याईनं निवडलं आहे."

आता दर रविवारी काका तळ्याकडे फिरायला गेले की काकू मागच्या दाराने येतात. भाजी माझ्या स्टीलच्या पातेल्यात शिजते. शिजली की आम्ही दोघी ती लपवत त्यांच्या घरी नेतो आणि हिरव्या भांड्यात ओततो. तडा वाढू नये म्हणून त्या भांड्याला आम्ही आजवर आच लागू दिलेली नाही. मला नातेवाईक फोन करून विचारतात, तसलं महागाचं भांडं घेण्यासारखं असतं का गं? मी सांगते, असतं. माझ्याकडे नाही, पण असतं.

काका परत आले की काकू हाक मारतात, "अहो, उचला जरा, माझ्यानं नाही होत." काका दोन फडकी घेऊन भांडं टेबलावर आणतात, झाकण उघडतात, आणि मला दाखवतात, "पाह्य, कशी हिरवी राहिली. मी म्हणतच होतो, घ्यायलेच पाहिजे." मी हो म्हणते. मग ते काठावर एक ठोका देतात, डोळे मिटतात, उघडतात आणि काकूंकडे बघतात.

काकू मान हलवतात आणि पहिली भाजी त्यांना वाढतात.