सात दिवसांचं जॅकेट

ग्रंथपालांनी जॅकेट विकत घेतलं, तेव्हाच ते परत करायचं ठरवलं होतं. आता याला कुणी लबाडी म्हणेल. ग्रंथपाल म्हणत नव्हते. ज्या माणसाची उभी हयात 'सात दिवसांत परत आणा, पान दुमडू नका, डाग पाडू नका' हे सांगण्यात गेली, त्याला दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, न वापरता, लेबलासकट, सात दिवसांत आणलंत तर पूर्ण पैसे परत," तर तो त्याला खरेदी समजेलच कशाला? त्याला ते वाचनालयच वाटणार. फक्त 'न वापरता' हे दोन शब्द त्यांनी कानाआड केले.

"परत आणलं की तुम्ही तपासता का?" त्यांनी विचारलं.

"तपासतो ना. कॉलर बघतो, कोपर बघतो, वास घेतो."

"वास?"

"घामाचा येतो ना, काका."

ग्रंथपालांना ती संस्था शिस्तीची वाटली. त्यांनी लाल जॅकेट घेतलं. काखेखाली हवा जायला छोटी चेन होती, आणि तिलाच नायलॉनच्या दोऱ्याने पुठ्ठ्याचं लेबल अडकवलेलं होतं. ते आत सारलं की बाहेरून कळत नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी होते साडू. साडूंचं फरशांचं दुकान होतं आणि अलीकडे त्यांना डोंगर चढायचं वेड लागलं होतं. लागू दे बापडं. पण साडू ते वेड जेवणाच्या टेबलावर घेऊन यायचे. "मी डोंगरावर कशासाठी जातो, माहितीये? स्वतःला शोधायला," असं म्हणायचे आणि भाजीचं भांडं स्वतःकडे ओढायचे. हे हरवले कधी होते, असं ग्रंथपालांना विचारावंसं वाटायचं. पण विचारणार कोणत्या तोंडाने? गेल्या वर्षी सगळे एका टेकडीवर गेले होते, तेव्हा गारठा पडला म्हणून ग्रंथपालांनी बायकोचा फुलाफुलांचा रेनकोट घातला होता. तो फोटो मेव्हणीने मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला होता. येणारा-जाणारा विचारायचा, "या बाई कोण?"

आणि आता सासऱ्यांनी मोठ्या डोंगराचं काढलं होतं. सासरे बस चालवायचे. नोकरीभर त्यांनी त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसं उतरवली आणि गाडी वळवून आणली. सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस म्हणाले, "सगळे वर जायचे आणि हसत खाली यायचे. वर आहे तरी काय, ते एकदा बघायचंय मला. गुडघे आहेत तोवर." एवढंच. स्वतःला शोधणं वगैरे काही नाही. दोन्ही मुली आणि दोन्ही जावई बरोबर येणार असं ठरलं आणि ग्रंथपाल दुसऱ्याच दिवशी जॅकेटच्या दुकानात गेले.

निघायच्या सकाळी बायकोने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "अहो, काय रुबाबदार दिसताय! पहिल्यांदा स्वतःसाठी मनापासून काही घेतलंत."

इथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण रुबाबदार हा शब्द त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांनी काखेतलं लेबल हळूच आणखी आत सारलं.

चढ सुरू झाला आणि ऊन तापायला लागलं. साडूंनी आपलं निळं जॅकेट काढून कमरेला बांधलं. ग्रंथपालांना काढता येईना, काढलं की लेबल दिसणार. घामाचा वास लागू नये म्हणून त्यांनी गळ्याभोवती रुमाल कोंबला, बायकोचा रुमाल मागून घेऊन तोही कोंबला. पाठीवरची सॅक खांद्याला घासत होती, म्हणून ती हातात धरली. मग हाताच्या घामाची भीती वाटली. शेवटी त्यांनी ती डोक्यावर घेतली.

"भाऊ, हे काय हमालासारखं?" साडूंनी विचारलं.

"मान सरळ राहते," ग्रंथपाल म्हणाले. "जुने गिर्यारोहक असंच करायचे. वाचलंय मी."

माणूस वाचनालयातला, त्यामुळे 'वाचलंय मी' म्हटल्यावर घरात कुणी वाद घालायचं नाही. पुढे काटेरी झुडपांची अरुंद वाट लागली. कापड अडकू नये म्हणून ग्रंथपाल सॅक बायकोकडे देऊन, दोन्ही हात वर करून, पोट आत घेऊन, आडवे आडवे सरकत गेले. पोलिसांनी धरल्यासारखे दिसत होते. सासरे थेट त्यांच्या मागे होते. ते साडूंना म्हणाले, "धाकटे जावई, तुम्ही पुढे व्हा. वाट तुम्हाला ठाऊक आहे." साडूंना तेच हवं होतं.

पहिल्या विसाव्याला सगळे खडकावर टेकले. खडकावर शेवाळ होतं. ग्रंथपाल उभेच.

"बसा की भाऊजी," मेव्हणी म्हणाली.

"चढताना मी बसत नाही. स्नायू आखडतात."

मेव्हणीने ब्रेड आणि जॅमचा डबा उघडला. जॅम लाल, पातळ आणि गळका. ग्रंथपालांनी दोन पावलं मागे घेतली. "माथा गाठेपर्यंत खाणारही नाही मी. मनाचा निग्रह."

नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पोटातून एवढा मोठा आवाज आला की झुडपातला एक पक्षी उडाला. पण बायकोच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आता बोला! साडू ताडकन उठून उभे राहिले. त्यांच्या हातातला घास हातातच होता. तो त्यांनी जड मनाने डब्यात परत ठेवला आणि म्हणाले, "मीही नाही बसत. खरं तर कधीच बसत नाही. आज तुम्हा लोकांसाठी बसलो होतो."

आणि मग ज्याची कुणी कल्पना केली नव्हती ते झालं. सासरेही उठले. "जावई उभे असताना मी बसलेला बरा दिसत नाही. चला."

"बाबा, तुम्ही बसा हो!" दोन्ही मुली एकदम ओरडल्या.

"नाही. चला, जावईबापू, व्हा पुढे. मी आहे मागे."

यानंतर त्या डोंगरावर जे चाललं, त्याला शहाण्या माणसांचं लक्षण म्हणता येणार नाही. साडू पुढे, पाय लटपटतायत पण बसत नाहीत. मधे ग्रंथपाल, डोक्यावर सॅक, गळ्यात दोन रुमाल. त्यांच्या पाठीला लागून सासरे, धापा टाकतायत पण थांबत नाहीत. ग्रंथपालांना ती धाप मागून ऐकू येत होती. प्रत्येक धापेला त्यांचा जीव वरखाली होत होता. आपण एक थाप मारली आणि हा म्हातारा माणूस ती खरी मानून उपाशीपोटी चढतोय, याची त्यांना शरम वाटायला लागली. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. पण काय म्हणणार? मी बसत नाही, कारण जॅकेट मळेल आणि दुकानातली मुलगी घेणार नाही? हे साडूंच्या समोर?

"बाबा, बसू या का आपण जरा?" त्यांनी एकदा विचारून पाहिलं.

"तुम्ही बसताय?"

"मी... मी उभा राहतो. तुम्ही बसा."

"मग नको," सासरे म्हणाले.

शेवटच्या चढाच्या अलीकडे साडूंनी हार खाल्ली. "डोळ्यापुढे काजवे चमकतायत गं," असं म्हणून ते बायकोच्या अंगावरच कलंडले. मेव्हणीने त्यांना आडवं केलं, जॅमचा डबा उघडला आणि बाकीच्यांना हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. माथा अगदी समोर दिसत होता. पण एव्हाना ऊन गेलं होतं, ढग खाली उतरले होते आणि असा गार वारा सुटला की डोळ्यांतून पाणी यावं. सासऱ्यांच्या अंगात नोकरीतला जुना, विरलेला स्वेटर होता. त्यांचे ओठ निळे पडले.

"बाबा, पुरे झालं. परत जाऊ," बायको म्हणाली.

"इथवर आलोय गं. तो बघ, तिथे तर आहे."

"मग अहो, तुमचं जॅकेट द्या ना बाबांना."

किती साधं वाक्य! पण ग्रंथपालांचा हात चेनपाशी गेला आणि तिथेच थिजला. काढलं की लेबल दिसणार, घातलं की मळणार, ताणलं जाणार, परत जाणार नाही. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "देतो, पण... जॅकेट ज्याच्या मापाचं त्यालाच ऊब देतं. दुसऱ्याच्या अंगात वारा शिरतो. वाचलंय मी."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. तिने स्वतःची शाल काढून वडिलांच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि तरातरा पुढे निघून गेली. ग्रंथपालांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ती ऐकू येणार नाही इतकी लांब गेल्यावर सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, हात खाली घ्या जरा."

"अं?"

"हात वर केलेत की ते बाहेर येतं. लेबल. काखेतून लोंबतं."

ग्रंथपालांच्या डोक्यावरची सॅक खाली पडली. "तुम्ही... कधी पाहिलंत?"

"काट्यांच्या वाटेवर. मग तुम्ही सॅक पुन्हा डोक्यावर घेतलीत, तेव्हापासून तर नुसतं फडफडतंय."

"म्हणून तुम्ही माझ्या मागे..."

"मग काय करू? धाकट्या जावयांनी पाहिलं असतं तर जन्मभर तोंड वर काढू दिलं नसतं तुम्हाला. मी बसलो असतो तर ते मागे आले असते." सासऱ्यांनी दम घेतला. "इतकी वर्षं गाडी चालवली हो. पुढच्याचं काय लोंबतंय ते आपोआप दिसतं."

ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या थापेपायी हे बसले नाहीत, असं समजून त्यांना लाज वाटत होती. खरी गोष्ट त्याहून वाईट होती. थाप त्यांनी एक क्षणभरही खरी मानली नव्हती. ते जावयाची अब्रू झाकत चढत होते, आणि जावई जॅकेटची कॉलर झाकत होता.

"परत करायचंय ना?" सासरे म्हणाले. "करा. त्यात काय. मी इथूनच उतरतो सावकाश. तुम्ही दोघं वर जाऊन या आणि काय दिसतं ते मला सांगा."

हे ते मनापासून म्हणत होते. टोमणा असता तर ग्रंथपालांनी सहन केला असता. त्यांनी झटक्यात जॅकेट काढलं आणि लेबल ओढलं. नायलॉनचा दोरा तुटेना. पुन्हा ओढलं, बोट कापलं. मग त्यांनी तो दाढेत धरून, मान हिसडून तोडला आणि ओठही फाटला.

"अहो, अहो, राहू द्या!"

"हात घाला बाबा," ग्रंथपाल जवळजवळ ओरडलेच. त्यांनी सासऱ्यांच्या अंगात जॅकेट चढवलं आणि लहान मुलाची लावावी तशी गळ्यापर्यंत चेन लावली. मग दोघेही तिथेच, चिखलात बसले.

माथ्यावर पोचल्यावर सासरे कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. ढगांच्या फटीतून खाली रस्ता दिसत होता, आणि पायथ्याशी बस वळवायची ती जागा.

"एवढंसं वळण?" ते म्हणाले. "आणि पावसाळ्यात मी देवाचं नाव घ्यायचो हो तिथे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. खाली आलेली माणसं का हसायची, ते बहुधा त्यांना कळलं असावं. बायको त्यांच्या हाताला धरून उभी होती. नवऱ्याकडे ती बघत नव्हती.

तेवढ्यात साडू आणि मेव्हणी येऊन पोचले. साडूंच्या हनुवटीला जॅम होता आणि चांगलीच तरतरी आली होती. त्यांची नजर सासऱ्यांच्या जॅकेटवर गेली, मग पातळ सदऱ्यात कुडकुडणाऱ्या ग्रंथपालांवर, मग ग्रंथपालांच्या मुठीवर.

"भाऊ, हातात काय आहे? लेबल?" त्यांचे डोळे चमकले. "काढलंच नव्हतंत की काय इतका वेळ? अरे वा! घालून झालं की परत करायचा बेत होता वाटतं?"

संपलं, असं ग्रंथपालांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं. त्यांनी हो म्हणायला फाटका ओठ उघडला.

"लेबल कसं काढतील?" सासरे रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले. "दुसऱ्याला द्यायच्या वस्तूचं लेबल काढतात का कुणी? माझ्यासाठी घेतलंय ते. माथ्यावर देणार होते. मळू नये म्हणून बिचारे सकाळपासून बसले नाहीत, खाल्लं नाही, डोक्यावर ओझं घेऊन आले. मला थंडी वाजली म्हणून थोडं आधी दिलं, इतकंच."

मेव्हणीने डोळे पुसले. "भाऊजी," ती म्हणाली, "तो रेनकोटचा फोटो मी घरी गेल्या गेल्या काढून टाकते." साडूंनी हळूच आपलं निळं जॅकेट काढलं आणि ग्रंथपालांच्या खांद्यांवर टाकलं. "भाऊ, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. साडूंचा आवाज खरोखर घोगरा झाला होता.

"बाबा, ते तसं नाही," ग्रंथपाल कसेबसे म्हणाले. "मी खरं तर..."

"काही सांगू नका जावईबापू," सासरे कठोरपणे म्हणाले. "मी काय खोटं बोलतोय का?"

ग्रंथपालांनी लेबल खिशात कोंबलं.

बायको जवळ आली. तिने त्यांचा कापलेला हात हातात घेतला, आणि तोही सगळ्यांच्या देखत. "मघाशी तुम्ही नाही म्हणालात तेव्हा काय काय वाटलं मला तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "माझीच मला लाज वाटते हो. मला सांगायचं तरी."

ग्रंथपालांनी मान खाली घातली. त्यांचे दात कडकडा वाजत होते. थंडीने असेल म्हणून बायकोने साडूंच्या जॅकेटची चेन त्यांच्या गळ्यापर्यंत लावून दिली.