जमिनीत हाये, पन...

आमचे शेजारी दौलतकाका माती चाखतात. चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि मग बराच वेळ हा माणूस राळेगावात नसतो. कुठे जातो, देव जाणे. परत आल्यावर एवढंच म्हणतो, "खारट हाये लेकाची."

कापसाच्या त्या वाईट वर्षांत सारं गाव भावावर आणि बोंडअळीवर बोलायचं. काका आपल्या परसातल्या टमाट्यांवर बोलायचे. औषधाचा थेंब न घालता वाढवलेले ते टमाटे वरून लालबुंद व्हायचे, पण बूड काळं पडून सडायचं. कोणीतरी सांगितलं, झाडाला चुना कमी पडतोय. काकांनी घर रंगवून उरलेला चुना वाफ्यात ओतला. आमची काळी माती आधीच चुनखडीची! आठवडाभरात पानं हळदीसारखी पिवळी पडली. काका वाफ्याशेजारी सुतक असल्यासारखे बसून राहिले.

शेवटी कृषी सहायकांनी समजावलं. चुना जमिनीत भरपूर आहे, पण पाणी कधी पूर, कधी ठणठणाट. मग तो फळापर्यंत पोचणार कसा? शेणखत घाला, ओल टिकवा.

काकांना ते इतकं पटलं, की तोच त्यांचा मंत्र झाला. एसटी आली नाही की म्हणायचे, "डेपोत हाये, पन पोचून नाही राह्यली." सरकारी मदतीचा विषय निघाला की, "मुंबईत हाये, पन पोचून नाही राह्यली." काकूंनी भाजीत मीठ कमी घातलं तरी तेच. काकू पळी घेऊन उभ्या राहायच्या.

वाफ्यात त्यांनी मडकी पुरली, वर तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, पसरलं. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरायचं आणि काका तिथेच खाटेवर पडून ते ऐकायचे. पाझरणं ऐकू येतं का, असं मी विचारलं, तर मला गप्प बसायची खूण केली. खरं सांगतो, थोड्या वेळाने मलाही ऐकू येऊ लागलं.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा टमाटे बुडापर्यंत लाल झाले. संध्याकाळी काका पिशवी घेऊन माझ्याकडे आले.

"उद्या सासुरवाडीले जाऊन राह्यला ना? नेरले?"

"हो काका."

"हे संगीले दे. तिले टमाटरची चटनी लय आवडते."

संगीता त्यांची एकुलती एक लेक. तिने आपल्या मनाने लग्न करून नेर गावी संसार थाटला, तेव्हापासून काका तिच्याशी बोलले नव्हते. त्यांच्या तोंडून तिचं नाव मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो.

"काही सांगू का तिले?"

काकांनी पिशवीच्या तळाची माती बोटाला लावली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. या वेळी लवकर परतले.

"सांगजो, बापाच्या जीवात हाये. पन पोचून नाही राह्यलं."

"मंग तुमीच चला ना, काका."

ते तसेच वळून निघून गेले. पिशवीही घेऊन गेले. मी स्वतःवरच चिडलो; उगाच बोललो.

सकाळी स्टँडवर गेलो, तर काका माझ्या आधी हजर. धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी, नजर रस्त्याकडे.

"गाडी कुठं हाये, काका?"

"डेपोत हाये," काका म्हणाले. पुढचं बोललेच नाहीत.